मीटरचे फूट, फुटाचे मीटर आणि मधे आपला गुंठा

मागच्या उन्हाळ्यात विहिरीपासून खालच्या तुकड्यापर्यंत पाईपलाईन टाकायची होती. पोरानं मोबाईलच्या नकाशावर बोट फिरवून सांगितलं, पप्पा ६५ मीटर हाय. माझ्या डोक्यात शाळेपासून बसलेलं, मीटर म्हणजे तीन फूट, मग ६५ त्रिक १९५, पाईप वीस फुटी, दहा नग आणले की विषय संपला. दहा नग जोडले आणि शेवटाला १९ फूट चर तसाच उघडा. परत टेम्पो, परत भाडं, आणि दुकानदार हसला ते वेगळंच.

आता हे १९ फूट गेले कुठं ते बघा, कारण सगळं गणित त्यातच हाय. मीटर म्हणजे तीन फूट नाही, ३.२८ फूट. ६५ गुणिले ३.२८ म्हणजे २१३ फूट, आणि मी धरले दहा नगांचे दोनशे, तेरा फूट इथंच गेले. दुसरं, ज्याला आपण वीस फुटी म्हणतो तो पाईप बनतो ६ मीटरचा, म्हणजे १९ फूट ८ इंच, दहा नगात सव्वातीन फूट गायब. तिसरं, एका पाईपचं टोक दुसऱ्याच्या सॉकेटमधे जातं, माझ्या अडीच इंची पाईपला चारेक इंच आत जात होतं, नऊ जोडांचे तीन फूट झाले. अकरा नगात पाईप कसाबसा टेकला असता, मी बारावा पण आणला, शहाणपण उशिरा आलं तरी आलं.

ही भानगड मुळात दोन वेगवेगळ्या घराण्यातल्या मापांची हाय. फूट-इंच इंग्रजांचं. मीटर फ्रेंचांचं, १७९१ साली त्यांनी ठरवलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, म्हणजे कुणा राजाच्या हाता-पायाचं माप नको, पृथ्वीचंच घ्या. पुढं धातूची पट्टी आली, आणि १९८३ पासून प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढा मीटर. आपल्याकडं १९५६ च्या कायद्यानं मीटर-किलो आले, त्याच्याच पुढच्या वर्षी १६ आण्यांचा रुपया जाऊन १०० नव्या पैशांचा आला. पैशाचं आपण विसरलो, पण फुटाचं अजून सोडलं नाही, आणि सोडणार पण नाही असं वाटतं.

मीटरच्या पोटातलं सोपं हाय, सगळं दहाच्या पटीत, १००० मिलिमीटर, १०० सेंटिमीटर, आणि १००० मीटरचा किलोमीटर, नुसतं टिंब सरकवायचं. खरी अडचण त्या घरातनं ह्या घरात जाताना. तिथं एकच आकडा पक्का धरा, १ इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंमी, हा अंदाज नाही, ठरवून दिलेला हाय. मग फूट ३०.४८ सेंमी, बाकी सगळं ह्यातनंच निघतं.

तोंडी करायचं असेल तर मीटरला तिनानं गुणा आणि आलेल्या आकड्यात त्याचाच दहावा भाग मिळवा. ६५ चे १९५, त्यात साडेएकोणीस, २१४ च्या वर. खऱ्यापेक्षा फूटभर जास्त येतं पण पाईप-वायर आणताना जास्तच बरं. उलटं जायचं तर फुटाला तिनानं गुणून दहानं भागा, आणि आकडा मोठा असला तर शेकड्याला दीड अजून मिळवा. सांगलीत पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी सगळे फुटातच विचारतात, ४० ला इशारा, ४५ ला धोका. आता ४५ त्रिक १३५, भागिले दहा साडेतेरा, थोडं वर म्हणजे १३.७ मीटर. पण मीटरमधे सांगितलं तर कुणाला भीतीच वाटायची नाही.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट, टिंबाचं. ५.६ फूट म्हणजे ५ फूट ६ इंच नव्हं! फुटात इंच १२ असतात, १० नाही. समजा इंजिनिअरच्या नकाशात खोली साडेतीन मीटर लिहिलीय. ३.५ गुणिले ३.२८१ म्हणजे ११.४८ फूट. हे बघून बरेच जण गवंड्याला सांगतात अकरा फूट पाच इंच, नुसतं ४८ बघून गोल केलेलं, तसं नाही करायचं. टिंबाच्या पुढचं ०.४८ घ्या, १२ नं गुणा, आले ५.८ इंच. अजून बारीक पाहिजे तर ते ०.८ परत ८ नं गुणा, सहाच्या थोडं वर, म्हणजे अकरा फूट पाच इंच सहा सूत. इंचाचे आठ सूत, एक सूत ३ मिमीच्या किंचित वर. सळई दुकानात १२ मिमी लिहिलेली असते आणि सेंटरिंगवाला चार सूत मागतो, दोघं एकच बोलतायत, भांडू नका.

जमिनीत तर लोक हमखास फसतात. लांबीचा ३.२८ क्षेत्रफळाला लावायचा नाही, कारण तिथं लांबी पण बदलते आणि रुंदी पण, म्हणून ३.२८ दोनदा, १०.७६. १०० चौरस मीटर म्हणजे ३२८ चौरस फूट नाही, १०७६. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ३३ फूट म्हणजे दहा मीटर आणि वर सहा सेंमी, म्हणून सातबाऱ्यावरचा आर, म्हणजे १०० चौरस मीटर, आणि आपला गुंठा जवळजवळ सारखेच वाटतात आणि बोलताना आपण एकच धरतो. एका गुंठ्यात १३ चौरस फुटाचा फरक, सोडून दिला तरी चालतो. पण पाच एकर म्हणजे २०० गुंठे, त्याचे आर होतात २०२ च्या वर. वाटणीच्या वेळी दोन गुंठे कुणी सोडत नाही हे मी सांगायला नको.

कापडाचं एका वाक्यात, वार म्हणजे ९१ सेंमी, नऊवारी सव्वाआठ मीटर, नऊ मीटर नव्हं.

शेवटचं टेपचं. शिंप्याच्या टेपला एका बाजूला ६० इंच आणि मागं १५० सेंमी असतं, शेवट बघितला तर १५० च्या पुढं थोडी कोरी जागा दिसते, कारण ६० इंच म्हणजे १५२.४. आणि गवंडी वापरतो त्या स्टीलच्या टेपचं टोकाचं हूक हलतं म्हणून आमच्या पोरानं ते हातोडीनं ठोकून घट्ट केलं. ते मुद्दाम हलतं ठेवलेलं असतं, हूकच्या जाडीएवढंच, बाहेरनं अडकवून मोजलं काय किंवा भिंतीला टेकवून मोजलं काय, माप एकच यावं म्हणून. तो टेप आता दावणीपाशी पडलाय, नवीन आणला.