गोडी छाटणीआधी ठिबक धुताय? मग आधी शेडमध्ये डोकावून या

पाऊस मागे सरला की द्राक्षपट्ट्यात एकदम धांदल उडते. गोडी, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीची तारीख धरायची, मजुरांची टोळी ठरवायची, डोळे फुटावेत म्हणून काड्यांना लावायच्या पेस्टसाठी हायड्रोजन सायनामाईड आणून ठेवायचे, आणि चार महिने पावसाच्या भरवशावर पडून राहिलेले ठिबक जागे करायचे. शेततळ्याचे हिरवे पाणी, विहिरीत उतरलेला गाळ, नळ्यांत साचलेले शेवाळ आणि त्यावर क्षाराचा थर. छाटणी झाली की खते ठिबकनेच जाणार, म्हणून नळ्या आधी धुवायच्या हे आता कुणाला सांगावे लागत नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. या पंधरवड्यात आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये जी मंडळी एकत्र येतात, त्यांचे एकमेकांशी अजिबात पटत नाही.

मोजून बघा. क्षारासाठी ॲसिड. शेवाळासाठी सोडियम हायपोक्लोराईट, नाहीतर ग्रामपंचायतीत मिळते तसली टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हल्ली बऱ्याच जणांकडे ५० टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साईडही असते. कोपऱ्यात १३:०:४५ खताच्या गोण्या, शेजारी भुरी रोगासाठी आणलेले गंधक, दाराशी ट्रॅक्टरचे डिझेल. यातली प्रत्येक वस्तू आपापल्या जागी ठीक आहे. बिघडते ते शेजारामुळे.

ॲसिड आणि क्लोरीन: दोन वेगळे दिवस

हायपोक्लोराईटमध्ये किंवा टीसीएलमध्ये ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो, तोही क्षणात. हिरवट पिवळा, नाक झोंबणारा, हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. जड असल्यामुळे तो वर उडून जात नाही. शेडच्या फरशीवर, फिल्टरच्या खड्ड्यात, विहिरीच्या कठड्याआत साचून राहतो. खाली वाकून व्हेंच्युरीची (खत-औषध ओढून ठिबकच्या पाण्यात सोडणाऱ्या साधनाची) नळी लावणाऱ्या माणसाचे तोंड नेमके तिथेच असते.

मुद्दाम दोन्ही एकत्र ओतणारा शेतकरी मी पाहिलेला नाही. घडते असे की काल ॲसिड ज्या बादलीत कालवले, तीच बादली न धुता आज हायपोला, म्हणजे हायपोक्लोराईटला घेतली जाते. किंवा व्हेंच्युरीच्या नळीत ॲसिडचे चार थेंब राहिलेले असतात. बादल्या दोन ठेवा, लाल आणि निळी, आणि वर्षभर अदलाबदल करू नका. नळीही शक्यतो वेगळी ठेवा.

कुणीतरी जाणकार सांगेल की क्लोरीनचे काम आम्लधर्मी पाण्यात जास्त चांगले होते. खरे आहे ते. सामू (पीएच) खाली असला की क्लोरीनची मारक ताकद वाढते. मोठ्या प्रकल्पांत म्हणूनच ॲसिड आणि क्लोरीन दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, मोजमाप करणाऱ्या पंपांनी सोडतात. आपल्याकडे एक व्हेंच्युरी आणि एक गडी. ते गणित आपले नाही. आधी ॲसिड द्या. शिफारशीप्रमाणे नळ्यांत ठेवून दुसऱ्या दिवशी नळ्यांच्या टोकांची झाकणे, म्हणजे सगळ्या एंड कॅप काढा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वाहू द्या. क्लोरीन त्यानंतरच्या दिवशी. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड सोडायचे, ॲसिडात पाणी कधीच नाही. हे शाळेत शिकलेले असते, पण घाईत उलटे होते.

टीसीएलचे कौतुक जरा आवरा

टीसीएल स्वस्त आहे, गावात मिळते, विहिरीत टाकायची सवय आहे, म्हणून ठिबकलाही तीच वापरायचा मोह होतो. चांगल्या, ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. ओल आणि उष्णता लागली की तो उडत जातो. मागच्या वर्षीची फुटकी पिशवी म्हणजे बहुतेक नुसता चुनाच. आणि त्या चुन्यानेच ड्रीपर बंद पडतात. पाणी जड असेल तर टीसीएल ठिबकला नकोच. अगदीच वेळ आली तर रात्री प्लॅस्टिकच्या पिंपात कालवून ठेवा आणि सकाळी वरचे नितळ पाणी तेवढे घ्या. माझे मत विचाराल तर हायपोक्लोराईटचे चार पैसे जास्त गेलेले परवडतात.

मात्रेचा हिशेब सोपा आहे. समजा क्लोरीन सोडण्याच्या वेळात तुमच्या प्लॉटवर १०,००० लिटर पाणी जाते आणि २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) ठेवायचे आहे. म्हणजे २०० ग्रॅम क्लोरीन. १२ टक्क्यांचे हायपो असेल तर साधारण १.७ लिटर. पोहोचले की नाही ते शेवटच्या नळीच्या टोकाला बघायचे. तिथे १ ते २ पीपीएम शिल्लक दिसला पाहिजे. गावातला जलसुरक्षक नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट करतो (क्लोरीन शिल्लक असला की रंग येतो ती), तीच इथे कामाला येते. टोकाला रंगच आला नाही तर क्लोरीन वाटेतल्या घाणीनेच खाल्ला असे समजा. फिल्टर धुवा, सबमेन (नळ्यांना पाणी पुरवणारा पाइप) फ्लश करा, मग पुन्हा.

टीसीएलची पिशवी युरियाशेजारी, डिझेलशेजारी किंवा ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवू नका. तेलकट पदार्थांशी तिची गाठ पडली तर काडी न लावताही आग लागू शकते. युरिया किंवा अमोनियायुक्त खतात क्लोरीन मिसळला तर विषारी वायू तयार होतात, काही वेळा स्फोटकही. हायपो जिथे कालवले त्या टाकीत लगेच विद्राव्य खत कालवायचे नाही, त्यामागचे कारण हे.

पाण्यासारखे दिसणारे पेरॉक्साईड

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते. हायड्रोजन पेरॉक्साईड पाण्यासारखे नितळ असते, त्याला उग्र वासही नाही, आणि काम झाल्यावर त्याचे पाणी आणि प्राणवायू होतो. ‘मागे काही राहत नाही’ म्हणून ते विकले जाते, आणि हे खोटे नाही. पण ५० टक्क्यांच्या एका लिटरमधून सुमारे २०० लिटर प्राणवायू सुटतो आणि सोबत भरपूर उष्णताही. हे नळीत घडले तर शेवाळ सुटते. बंद कॅनमध्ये घडले तर कॅन फुटतो.

म्हणून कंपनीच्या कॅनच्या झाकणाला वायू बाहेर जायला बारीक सोय असते. एके वर्षी मी सुटे पेरॉक्साईड आणले, विकणाऱ्याने साध्या झाकणाच्या कॅनमध्ये भरून दिले. घरी आल्यावर मीच झाकण आणखी आवळले, सांडू नये म्हणून! दोन दिवसांनी शेडमध्ये गेलो तर कॅन दिवस भरलेल्या म्हशीसारखा फुगलेला. हात लावला तर गरम. झाकण उघडायला गेलो नाही एवढेच शहाणपण सुचले. सगळ्यांना लांब केले, लांबूनच पाइपाने पाण्याचा मारा करत बसलो. त्या कॅनमध्ये आधी काय होते ते आजवर कळलेले नाही. गंज, तांबे, पितळ, मातीचा कण, राख, कशानेही पेरॉक्साईड उसळते.

तेव्हा ते मूळ सीलबंद कॅनमध्येच घ्या. उभे ठेवा, सावलीत ठेवा. ऑक्टोबरच्या उन्हात पत्र्याखाली काय तापते ते सांगायला नको. एकदा मापात ओतून घेतलेले उरले तर परत कॅनमध्ये ओतू नका, भरपूर पाण्यात मिसळून टाका. माप प्लॅस्टिकचे घ्या. पितळी तांब्या, लोखंडी बादली, जस्ताची टाकी यांपैकी काहीही चालणार नाही. आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ‘थोडेसे शेजाऱ्याला’ म्हणून कधीही भरून देऊ नका. तहानलेला माणूस बाटलीचा वास घेत बसत नाही.

सांडले तर पोत्याने किंवा भुशाने टिपायची आपली सवय इथे घातक आहे. बारदान, भुसा, चिंध्या, वाळके गवत यांत मुरलेले पेरॉक्साईड वाळत जाते तसे तीव्र होते, आणि थोड्या वेळाने ते बारदान आपोआप पेटू शकते. सांडलेल्यावर भरपूर पाणी ओतणे हाच उपाय. कपड्यावर पडले तर कपडा तिथेच काढून पाण्यात बुडवा. कातडीवर पडले तर बोटे पांढरीफटक होतात आणि चुरचुरतात. पांढरेपणा काही तासांत जातो, पण डोळ्यात गेले तर दृष्टीवर बेतू शकते. गॉगल घाला. चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

मात्रा लेबलवर किंवा ठिबक कंपनीच्या तक्त्यावर असेल तीच धरा. त्यांनी २०० पीपीएम सांगितले असेल, तर १०,००० लिटर पाण्याला २ किलो शुद्ध पेरॉक्साईड लागते. ५० टक्क्यांच्या एका लिटरचे वजन साधारण १.२ किलो, म्हणजे त्यात ६०० ग्रॅम माल. हिशेब ३.३ लिटरवर येतो. पेरॉक्साईड आणि हायपो एकाच वेळी सोडण्यात काही हशील नाही. दोघे एकमेकांवरच खर्च होतात, वर उष्णता आणि फेस. आणि ज्या नळीतून हे सोडले तिथून लगोलग ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी सोडाल तर तीही मरेल. नळ्या फ्लश करा, काही दिवस जाऊ द्या.

शोरा, गंधक आणि एक विसरलेली गोष्ट

१३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. आपल्या आजोबांच्या भाषेत शोरा. शोरा, गंधक आणि कोळसा मिळून बंदुकीची दारू होते, हे सगळ्यांना ठाऊक असते. तरी गंधकाच्या पिशव्या शोऱ्याच्या गोण्यांवर रचलेल्या शेडी मी दरवर्षी पाहतो. गोण्या नुसत्या शेजारी असल्याने काही उडत नाही, पण फुटक्या गोणीतून दोन्ही सांडून मिसळले आणि तिथे वेल्डिंगची ठिणगी पडली किंवा कुणी बिडी टाकली, तर ती आग बाहेरच्या हवेची वाट पाहत नाही. शोरा स्वतःच प्राणवायू पुरवतो. त्यामुळे गोणपाट टाकून, माती टाकून कोंडायला जाऊ नका, लांबून पाणीच मारा. कॅल्शियम नायट्रेटलाही हाच नियम. सायनामाईड तर ॲसिड आणि पेरॉक्साईड दोघांपासून लांब, कुलपात.

शेड एकच असेल तर निदान तीन कोपरे करा. ॲसिड एका कोपऱ्यात. क्लोरीन आणि पेरॉक्साईड शेडबाहेर, दोन वेगळ्या आडोशांना. नायट्रेटची खते लाकडी फळ्यांवर, आणि गंधक व डिझेल त्यांच्या थेट समोरच्या टोकाला.

लाइटचेही बघा. शेतीची वीज रात्री येते त्या आठवड्यात हे काम काढू नका. अंधारात मापे चुकतात, आणि मध्येच वीज गेली की नळीतले पाणी उलटे विहिरीत येते. घरचे पिण्याचे पाणी त्याच विहिरीचे असेल तर काय होईल ते सांगायची गरज नाही. पाणी उलटे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह खरोखर चालतो का, ते मोटर बंद करून आधीच तपासा.

अंगावर बेतले तर

कातडीवर किंवा डोळ्यात काहीही गेले तर निदान १५ मिनिटे वाहते पाणी, घड्याळ लावून. डोळ्यांत हळद, तूप, दूध काही नको. क्लोरीन श्वासात गेला तर माणसाला वाऱ्याच्या उलट्या दिशेला, उंचवट्यावर न्या आणि बसते ठेवा. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवाच, फुप्फुसाला सूज कधी कधी काही तासांनी येते. खड्ड्यात पडलेल्याला काढायला तोंडाला रुमाल बांधून उतरू नका, रुमालाने क्लोरीन अडत नाही. पोटात गेले तर उलटी करवू नका. तोंड धुवा, १०८ ला फोन करा, आणि कॅनचे लेबल सोबत न्या. दिल्लीच्या एम्समधले विषबाधा माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या मोफत क्रमांकावर डॉक्टरांनाही सल्ला देते. तो आकडा शेडच्या दारावर ऑइलपेंटने लिहून ठेवा, कागद टिकत नाही.

काम संपल्यावर कॅन तीनदा पाण्याने विसळा, एकाचे पाणी दुसऱ्यात मिसळू न देता ते भरपूर पाण्यात सोडा, आणि कॅनला भोके पाडा. चांगला जाड, पांढराशुभ्र कॅन असतो, भोक पाडायला जीव होत नाही हे मलाही कळते. पण न पाडलेला कॅन पुढच्या आठवड्यात पंपावर डिझेल आणायला जातो.