जिरातले ऑटोमेशन रूल का फसतात? या चुका टाळा

जिरा या टीमच्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोमेशनचा, म्हणजे आपोआप काम करणारा, रूल बनवणं सोपं आहे. ट्रिगर (रूल कशाने जागा होईल) निवडा, कंडिशन (अट) घाला, ॲक्शन (काय करायचं) जोडा, चालू करा. त्रास नंतर सुरू होतो. टिकिटं (कामाच्या नोंदी) काम संपायच्या आधीच बंद होतात, एकच मेल दोनदा जातो, महिनाअखेरीला सगळंच थंडावतं. मग टीममधले लोक बोर्ड बघायचं सोडून एक्सेलमध्ये आपापली यादी ठेवायला लागतात. बोर्डावरचा विश्वास एकदा उडाला की तो परत मिळवायला फार कष्ट पडतात, म्हणून हे जरा तपशिलात लिहितोय.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: रूलला घटना दिसते, परिस्थिती दिसत नाही. टिकीट तयार झालं, स्टेटस बदललं, कमेंट पडली, की तो जागा होतो. त्या घटकेला टिकिटावर जे असेल ते वाचतो, सांगितलेलं काम करतो आणि थांबतो. आधी काय घडलं आणि पुढे काय बदलेल, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

पहिला फटका इथेच बसतो. आज रूल चालू केला तर जुनी टिकिटं आपोआप त्याप्रमाणे सुधारत नाहीत. त्यांच्यासाठी बल्क चेंज (अनेक टिकिटं एकदम बदलण्याची सोय) वापरा, नाहीतर एकदाच चालवायचा शेड्यूल्ड (ठरलेल्या वेळी चालणारा) रूल लिहा. शेड्यूल्ड रूलमधलं जेक्यूएल (जिराची शोधभाषा) एका वेळी 1000 टिकिटांपर्यंतच शोधतं. बॅकलॉग त्याहून मोठा असेल तर प्रोजेक्टनुसार किंवा तारखेनुसार तुकडे पाडा.

सबटास्क संपले की मूळ टिकीट बंद

हा रूल जवळजवळ प्रत्येक टीम लावते आणि बहुतेक ठिकाणी तो अर्धवट असतो. समजा एका स्टोरीखाली (मोठ्या कामाच्या टिकिटाखाली) तीन सबटास्क आहेत: कोडिंग, टेस्टिंग आणि डॉक्युमेंटेशन. 'सबटास्क डनमध्ये गेला की पेरेंट डन कर' एवढंच लिहिलं, तर कोडिंग संपताच स्टोरी बंद होते आणि टेस्टरला ती बोर्डावर शोधावी लागते. म्हणून रूलच्या पेरेंटसाठीच्या (मूळ टिकिटासाठीच्या) ब्रँचमध्ये 'सगळे सबटास्क पूर्ण आहेत का' ही कंडिशन हवीच.

ती कंडिशनही 'डन' या नेमक्या स्टेटसवर लावू नका. डॉक्युमेंटेशनची गरज उरली नाही म्हणून कुणी तो सबटास्क 'कॅन्सल्ड'मध्ये टाकला, की स्टोरी कायमची उघडी राहते. स्टेटस कॅटेगरी तपासा. 'डन', 'क्लोज्ड', 'कॅन्सल्ड' ही सगळी सहसा एकाच हिरव्या कॅटेगरीत बसवलेली असतात.

दोन सबटास्क एकदम बंद केले तर रूल दोनदा चालतो, आणि एका रनकडची माहिती दुसऱ्या रनने जुनी करून ठेवलेली असू शकते. मग कधी दोघांनाही दुसरा सबटास्क उघडाच दिसतो आणि स्टोरी तशीच राहते. कंडिशनच्या आधी टिकिटाची माहिती पुन्हा वाचणारी, 'री-फेच' ही ॲक्शन घाला. बराचसा त्रास तिथेच मिटतो.

आता सर्वांत जास्त दुर्लक्षित गोष्ट, रेझोल्यूशन, म्हणजे टिकीट कसं निकाली निघालं ते सांगणारं फील्ड. माणूस हाताने टिकीट बंद करतो तेव्हा समोर स्क्रीन येते आणि त्यात तो रेझोल्यूशन निवडतो. रूलला स्क्रीन दिसत नाही. वर्कफ्लोमध्ये (टिकीट कोणत्या स्टेटसमधून कुठे जाऊ शकतं याच्या आखणीत) रेझोल्यूशन आपोआप भरण्याची सोय नसेल आणि रूलमध्येही ते भरलं नसेल, तर स्टेटस डन होतं पण रेझोल्यूशन रिकामंच राहतं. जिराचे कितीतरी रिपोर्ट आणि फिल्टर रेझोल्यूशन बघूनच टिकीट संपलं की नाही ते ठरवतात. त्यामुळे बोर्डावर काम संपलेलं आणि मॅनेजरच्या डॅशबोर्डवर तेच काम बाकी, असा प्रकार होतो. स्टेटस बदलणाऱ्या ॲक्शनमध्येच रेझोल्यूशन भरायला सांगा. वर्कफ्लोमध्ये एखादं फील्ड सक्तीचं असेल तर तेही तिथेच भरा, नाहीतर ट्रान्झिशन, म्हणजे स्टेटसचा बदल, अडेल.

आणि उलटा रूल? टेस्टिंगचा सबटास्क पुन्हा उघडला तर स्टोरी कोण उघडणार? बंद झालेल्या स्टोरीखाली नवा सबटास्क जोडला तर? या दोन्ही घटना वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीला आपला रूल लागतो.

स्वतःच्याच कमेंटने फसणारा रूल

पडून राहिलेली टिकिटं बंद करण्यासाठी सहसा दोन शेड्यूल्ड रूल लावतात. सात दिवस हालचाल नसेल तर 'अजून गरज आहे का?' अशी कमेंट टाकायची, आणि चौदा दिवस हालचाल नसेल तर टिकीट बंद करायचं. दोन्हींचं जेक्यूएल 'अपडेटेड' या तारखेवर. कागदावर हिशेब बरोबर वाटतो. पण रूलने टाकलेली कमेंट हाही अपडेटच असतो. सातव्या दिवशी कमेंट पडते, तारीख नवी होते, आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. पुढच्या आठवड्यात पुन्हा कमेंट, पुन्हा शून्य. टिकीट कधीच बंद होत नाही, आणि रिपोर्टरला, म्हणजे टिकीट टाकणाऱ्याला, दर आठवड्याला तोच प्रश्न विचारला जातो.

उपाय असा: कमेंट टाकतानाच टिकिटाला एक लेबल लावा आणि पहिला रूल ते लेबल असलेल्या टिकिटांना वगळेल असं बघा. दुसरा रूल लेबल असलेलीच टिकिटं उचलेल आणि कमेंटनंतर सात दिवस शांतता आहे का ते पाहील. रिपोर्टरने उत्तर दिलं की लेबल काढणारा तिसरा छोटा रूल लागतो. तो विसरलात तर उत्तर देणाऱ्या माणसाचंही टिकीट बंद होईल, आणि तसं झालं तर त्याने रागावणं रास्तच आहे.

एक रूल दुसऱ्याला उठवत नाही

एका रूलने केलेल्या बदलामुळे दुसरा रूल चालेल असं गृहीत धरू नका. जिरात हे मुद्दाम बंद ठेवलेलं आहे. दुसऱ्या रूलच्या तपशिलात त्यासाठी एक चेकबॉक्स असतो, तो टिक केला तरच साखळी बनते. पण टिक करताना विचार करा. पेरेंटची ड्यू डेट बदलली की चाइल्डची बदलायची, आणि चाइल्डची बदलली की पेरेंटची, असे दोन रूल एकमेकांना उठवत बसतात. जिरा अशी साखळी दहा फेऱ्यांनंतर तोडतं, पण तोवर टिकिटाच्या हिस्टरीत कचरा झालेला असतो. तारीख कुठून कुठे वाहणार ती दिशा आधी ठरवा.

कोटा

नोव्हेंबर 2023 मध्ये जिरा क्लाउडमध्ये (जिराच्या ऑनलाइन आवृत्तीत) रूल किती वेळा चालतात ते मोजण्याची पद्धत बदलली. त्याआधी एकाच प्रोजेक्टपुरते असलेले रूल कितीही वेळा चालत. नव्या रचनेत तेही मोजले जाऊ लागले, आणि मर्यादा अशा ठरल्या: फ्री प्लॅनला महिन्याला 100 रन (रूल चालण्याच्या वेळा), स्टँडर्डला 1700, प्रीमियमला दर युजरमागे 1000.

कोटा सहसा 'टिकिटात काहीही बदललं की' अशा ढोबळ ट्रिगरवर उडतो. नेमकं फील्ड निवडा. ॲडमिनने दर आठवड्याला वापराच्या पानावर नजर टाकावी. कोणता रूल किती खातो ते तिथे दिसतं, आणि पहिल्या दोन-तीन रूलवरच बहुतेक खर्च होत असतो.

सुट्ट्या, रजा आणि घड्याळ

कामाचे दिवस मोजणारं फंक्शन सोमवार ते शुक्रवार एवढंच जाणतं. गुढीपाडवा किंवा लक्ष्मीपूजन त्याला कळत नाही. टिकिटं आळीपाळीने वाटणाऱ्या ॲक्शनला कोण रजेवर आहे ते माहीत नसतं, त्यामुळे गणपतीत निम्मी टीम कोकणात असली तरी त्यांच्या नावावर टिकिटं साचत राहतात. 'समान वाटप' हा पर्याय टिकिटांची संख्या बघतो, त्यातलं काम किती मोठं आहे ते नाही. ज्या टीममध्ये कामाचे आकार फार वेगवेगळे असतात, तिथे वाटप लीडने हातानेच करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

वेळेचं आणखी एक: 'नाऊ' (आत्ताची वेळ) ही स्मार्ट व्हॅल्यू, म्हणजे रूल चालताना आपोआप भरली जाणारी माहिती, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते, आपल्या साडेपाच तास मागे. पहाटे पाचला चालणाऱ्या रूलने 'आजची तारीख' भरली तर कालची पडेल. तिथे एशिया/कोलकाता या टाइम झोनमध्ये रूपांतर करून घ्या.

रूल चाललाच नाही, तर

आधी ऑडिट लॉग (रूलच्या प्रत्येक रनची नोंदवही) उघडा. तिथे नोंदच नसेल तर ट्रिगर चुकलाय, किंवा रूल त्या प्रोजेक्टला लागूच नाही. 'नो ॲक्शन्स परफॉर्म्ड' दिसलं तर कंडिशन जुळली नाही. एरर दिसली तर बहुतेकदा परवानगी किंवा वर्कफ्लो आडवा आलेला असतो: सध्याच्या स्टेटसमधून हव्या त्या स्टेटसला जाणारी वाटच नाही, किंवा रूल ज्याच्या नावाने चालतो त्या अकाउंटला टिकीट एडिट करता येत नाही. रूल एखाद्या कर्मचाऱ्याच्या नावावर असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर अकाउंट बंद होताच रूलही अडतो.

सगळं हिरवं आहे, तरी मेलमध्ये 'नमस्कार' पुढची जागा रिकामी? मग स्मार्ट व्हॅल्यूचं स्पेलिंग बघा. त्यात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक धरला जातो, आणि नाव चुकलं तर जिरा एरर न देता रिकामी जागा टाकतं. संशय असलेल्या ओळीआधी 'लॉग' ॲक्शन ठेवून ती व्हॅल्यू छापून घ्या. एकाच नावाची दोन कस्टम फील्ड असतील तर नावाऐवजी फील्डचा आयडी वापरा. हे तपासायला उशीर करू नका, कारण ऑडिट लॉगमधल्या नोंदी 90 दिवसच राहतात.