नवी मुंबईचा पामबीच असो वा ठाण्याचा घोडबंदर रोड, रस्ता ओलांडताना या चुका टाळा

गाडी किती लांब आहे एवढंच पाहणं. तीन लेनची एक बाजू साधारण साडेदहा मीटर रुंद असते. सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या चालीने ती ओलांडायला जवळपास ९ सेकंद लागतात. तेवढ्यात ताशी ६० किमीची गाडी १५० मीटर कापते. आजी-आजोबा सोबत असतील तर ११-१२ सेकंद धरा. पामबीचसारख्या सरळ रस्त्यावर समोरून येणाऱ्या गाडीचा वेग नजरेला कळत नाही, म्हणून वाटतं त्याहून जास्त मोकळी जागा मिळेपर्यंत थांबा.

'५० काय, ६० काय' असं चालकाने मानणं. यातच सर्वाधिक जीव जातात. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद धरला, तर ५० ची गाडी सुमारे २८ मीटरवर थांबते. ६० ची गाडी त्याच जागी अजून ताशी ४० च्या वेगात असते! पहिल्या सेकंदातच ती १७ मीटर पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. वेग ३० असेल तर १३-१४ मीटर पुरतात. त्यामुळे झेब्रा क्रॉसिंग दिसताच पाय ॲक्सिलरेटरवरून काढा, माणूस रस्त्यावर उतरायची वाट पाहू नका. हॉर्न आणि अप्पर-डिपरने हे अंतर एक फूटही कमी होत नाही.

थांबलेल्या गाडीला ओव्हरटेक करणं. शेजारच्या लेनमधली गाडी झेब्र्याआधी थांबली, म्हणजे तिच्यापुढून कोणीतरी चाललंय. तुम्हीही थांबा, आणि स्टॉप लाइनच्या मागेच. अगदी झेब्र्यावर चढलेली गाडी पलीकडच्या चालकाची नजर अडवते. पादचाऱ्यांनी एका चालकाने हात दाखवला म्हणून सगळा रस्ता मोकळा समजू नये. त्या गाडीच्या कडेला थबकून पुढची लेन पाहावी.

बसच्या पुढून ओलांडू नका. ती निघून जाऊ द्या. दुभाजकावरच्या खांबाआड उभं राहिलात तर चालकाला दिसत नाही. खांबापासून बाजूला, पण दुभाजकावरच राहा.

पावसाळी रात्री गडद कपडे, काळी छत्री. ओल्या रस्त्यावर ६० ची गाडी थांबायला ५० मीटर लागू शकतात, डिपरच्या उजेडात मात्र गडद कपड्यातला माणूस त्याहून बराच जवळ आल्यावर दिसतो. फिकट रंगाचा रेनकोट घाला, दिव्याच्या खांबाजवळून ओलांडा. चालकांनी अशा रात्री ४० च्या आत राहावं.