पागासाठी शिशाचे मणी ओतताना

वेसाव्यात पागाचे, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याचे, मणी आम्ही घरीच ओततो. टायरवाल्याकडची, चाकाला लावतात ती जुनी वजनं घेतलीत तर जस्ताची आधी वेगळी काढा. पक्कडीने दाबलं की शिसं दबतं, जस्त नाही. बॅटरीच्या पट्ट्या फुकट मिळाल्या तरी नकोत, धूर विषारी.

शिसं ३२७ अंशांना वितळतं. लोखंडी कढई पुरते, पण तिच्यात पुन्हा कालवण नाही हां! वर आलेली राखाडी मळी पळीने काढा. साचा तापवून कोरडा करा, पावसाळ्यात तर दोनदा. पाण्याचा थेंब राहिला की त्याची वाफ होते आणि तापलेलं शिसं थेट तोंडावर उडतं. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या. काम उघड्यावर, पोरं लांब. मणी सुरकुतलेला निघाला तर साचा थंड आहे, परत ओता.