गोल्फ कोर्सभोवती प्लॉट पाडताना या चुका टाळा

बेळगाव परिसरात ले-आउटच्या मोजणीची कामं करताना एक चूक मी पुन्हा पुन्हा पाहतो. आधी प्लॉट पाडायचे आणि उरलेल्या तुकड्यांत गोल्फ कोंबायचा. पूर्ण कोर्सच्या अठरा होलना (होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून चेंडू खळीत जाईपर्यंतचा एक पट्टा) साधारण 120 ते 180 एकर लागतात, आणि तेही चढ-उताराचे, ओढा-झाडं असलेले. आपल्याकडे तीच जमीन आधी बंगल्यांना जाते. कॅलिफोर्नियात 1919 साली पेबल बीच हा गोल्फ कोर्स सुरू झाला, तेव्हा तिथली जमीन विकसित करणाऱ्या सॅम्युअल मोर्स यांनी समुद्राकाठ घरांना न विकता गोल्फसाठी राखला. त्या कोर्सचं नाव आजही निघतं ते त्या किनाऱ्यामुळे.

खानापूर तालुक्यातल्या एका ले-आउटमध्ये नऊ होल आखायचे होते. प्लॉट वाढावेत म्हणून एक फेअरवे, म्हणजे होलचा मधला गवताचा पट्टा, दोन्हीकडून आवळला. कंपाउंड ते कंपाउंड जेमतेम साठ मीटर! "साहेब, चेंडू घरांत जाणार," मी सांगून पाहिलं. "अहो, जाळी मारू की," हे मालकाचं उत्तर. उजव्या हाताने खेळणाऱ्या नवशिक्याचा चेंडू बहुतेक वेळा उजवीकडेच वळतो. त्या रांगेतल्या घरांची आधी कौलं फुटली, मग काचा, मग भांडणं. जाळीनं भागेना म्हणून टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, पुढे आणला आणि चांगला लांब होल आखूड पार-3 (तीन फटक्यांत संपवायचा) होऊन बसला. मधला ओढा पाइपात घातला होता. जुलैच्या पावसात पाइप तुंबला, पाणी ग्रीनवर (खळीभोवतालच्या बारीक गवतावर) साचलं, गवत कुजलं.

माझी सवय सांगतो. कॉम्प्युटर उघडण्याआधी भर पावसात जमीन चालायची. पाणी कुठून येतं, कुठे मुरतं, तिथे खुंट्या मारायच्या. मग होल आखायचे आणि शेवटी प्लॉट, तेही शक्यतो बाहेरच्या कडेला. घर फेअरवेच्या मध्यरेषेपासून निदान साठ मीटर लांब, उजवीकडे त्याहून जास्त. नवीन पोरांना याचा कंटाळा येतो. दुसऱ्या गावचा नकाशा उचलून इथे चिकटवतात. असल्या शॉर्टकटचा मला मनापासून राग येतो, कारण प्लॉट एकदा विकले की फेअरवे वीतभरही रुंद करता येत नाही.

सगळ्यांना पूर्वाभिमुख प्लॉट हवा, म्हणून सगळे फेअरवे दक्षिणोत्तर ओढू नका. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेचा. मग प्रत्येक होलवर तो आडवाच लागतो आणि खेळात बदल उरत नाही.

ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत दोन-तीन गल्ल्या ओलांडाव्या लागत असतील, तर आखणी पुन्हा करा.

शेवटच्या होलचं तोंड पश्चिमेला नको, संध्याकाळी ऊन डोळ्यांवर येतं.

बोअरच्या भरवशावर गवत लावू नका. कॉलनीचंच सांडपाणी शुद्ध करून वापरा, आणि त्याची पाइपलाइन डांबर पडण्याआधी टाका. नंतर रस्ता खोदायला कुणी देत नाही.