नागपूरकरांनो, मुंबईला कूलर नेऊ नका

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर, मुंबईत जेमतेम ३४. तरी घामानं जीव तिथेच जास्त जातो. हवेत आधीच दमटपणा, त्यामुळे घाम वाळत नाही. खसच्या ताट्यांचा कूलर तिथे फक्त ओल वाढवतो. तो इथेच विका, पंखा घ्या आणि समोरासमोर खिडक्या असलेली खोली बघा.

मिठाच्या बरणीत चमचाभर तांदूळ टाका. पापड घट्ट झाकणाच्या डब्यात.

चौपाटीवर जाण्याआधी भरतीची वेळ बघा. जुना हिशेब सोपा: तिथीची पाऊणपट. अष्टमीला ८ चे ६, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा १ पासून मोजायचं. ओहोटीत पाण्यात उतरू नका, ओढ आत नेते. पावसाळ्यात तर नकोच.