वेरूळ-अजिंठ्याला फोटो कुठे फसतात? या चुका टाळा

फोटो बिघडला की पहिला आळ कॅमेऱ्यावर येतो. मग नवी लेन्स घ्यावी, फोन बदलावा, असं सुरू होतं. वेरूळ-अजिंठ्याला मात्र घोटाळा बहुतेक वेळा त्याआधीच झालेला असतो: भलत्या वेळी, भलत्या जागी उभं राहून बटण दाबलेलं असतं.

काही जणांची चूक तर घरातच होते. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकायची आणि नेमका तोच दिवस अजिंठ्यासाठी ठेवायचा, हे दरवर्षी कुणी ना कुणी करतंच. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा साधारण १०० किलोमीटर. शिवाय गाडी फर्दापूरजवळच्या फाट्यावर ठेवून पुढे बसने जावं लागतं, तो वेळ वेगळा धरा.

आता उन्हाचं बोलू. वेरूळच्या लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे आणि डोंगर पाठीशी, पूर्वेला. त्यामुळे सकाळी लवकर पोचलेल्या माणसाला सगळे दर्शनी भाग सावलीत आणि त्यांच्यामागचं आभाळ लख्ख पांढरं, असं दृश्य मिळतं. फोन त्या आभाळाला धरून उजेड मोजतो आणि दगड काळा पडतो. कैलास लेणं दुपार उतरल्यावर बघा. एक अडचण तेव्हाही राहते. हे मंदिर वरून खाली कोरत नेल्यामुळे भोवती सुमारे ३० मीटर खोल खड्डा आहे. सूर्य कलला की शिखर सोनेरी होतं आणि अंगण सावलीत जातं. दोन्ही एका फ्रेममध्ये पकडायचा हट्ट सोडा. शिखरासाठी बाहेरून डोंगरावर चढणाऱ्या वाटेने वर जा, कुंपणाच्या अलीकडे राहा, आणि अंगणातली शिल्पं आभाळ न घेता वेगळी टिपा. कैलास हलवणारा रावण दक्षिणेच्या बाजूला खोल सावलीत आहे. तिथे स्क्रीनवर रावणाच्या अंगावर बोट टेकवून उजेड त्याच्यापुरता मोजून घ्या. कडेचा उन्हाचा पट्टा पांढरा फटक पडला तरी चालेल.

अजिंठ्याचं गणित उलटं. लेणी वाघोरा नदीच्या वळणावर घोड्याच्या नालेसारखी पसरली आहेत, त्यामुळे प्रत्येकाची दिशा निराळी. त्यातली १९ आणि २६ क्रमांकाची चैत्यगृहं (स्तूप असलेली प्रार्थनागृहं) पूर्वेच्या अंगाला तोंड करून आहेत, म्हणून त्यांचे दर्शनी भाग सकाळी बघावेत. बहुतेक जण १ नंबरपासून क्रमाने चालत सुटतात आणि २६ पर्यंत पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं. लेणी उघडल्याबरोबर सरळ शेवटाकडे जा आणि उलटे या. आतली चित्रं दिव्यांच्या उजेडात बघायची असल्याने ती दुपारीही तशीच मिळतात.

चित्रांच्या बाबतीत सर्वांत मोठा गुन्हा फ्लॅशचा. तिथे त्याला बंदीच आहे, पण बंदी नसती तरी फोटो वाईटच आला असता. १९२०च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावून ही चित्रं दुरुस्त करून घेतली. त्यांनी लावलेलं लाखेचं व्हार्निश पुढे पिवळं पडलं. अशा चकचकीत थरावर समोरून उजेड मारला की पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चेहऱ्याऐवजी पांढरा डाग मिळतो. भीतीपोटी फ्लॅश ‘ऑटो’वर ठेवणाऱ्यांनी तो दारातच पूर्ण बंद करावा, नाहीतर अंधार दिसताच फोन स्वतःच तो उडवतो आणि रखवालदाराचा ओरडा तुम्ही खाता.

फ्लॅश नाही, ट्रायपॉडला परवानगी लागते, मग फोटो हलतोच, अशी तक्रार नेहमी येते. हलतो, कारण लोक आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, वाढवायला घाबरतात. लेण्याच्या आत ३२०० किंवा ६४०० वर न्या. दाणेदार पण धारदार फोटो पुढे थोडाफार सुधारता येतो, हललेला फोटो कशानेच सुधारत नाही. लेन्सचं छिद्र जितकं उघडेल तितकं उघडा, शटरचा वेग शक्यतो १/३० सेकंदाच्या खाली जाऊ देऊ नका, कोपरं बरगड्यांना टेकवा, श्वास सोडून पाच-सहा फोटो सलग घ्या. त्यातला एक तरी स्थिर निघतो. खांबाला किंवा भिंतीला टेकू मात्र नका, कारण त्यांवरही रंग आहे. कॅमेऱ्यात रॉ फाइलची (प्रक्रिया न केलेला मूळ फोटो साठवण्याची) सोय असेल तर ती चालू ठेवा. दिव्यांचा उजेड आणि दारातून येणारं ऊन एकमेकांत मिसळलं की रंग आपोआप जुळवणारा ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो, आणि गेरूचा तांबडा कधी गुलाबी तर कधी मातकट होतो. रॉ असेल तर तो घरी शांतपणे बसवता येतो. फोनमधलं ‘सीन एन्हान्समेंट’ तर बंदच करा. ते भिंतीवरच्या भेगा पुसतं आणि गेरूचा रंग उगाच भडक करतं.

२६ व्या लेण्यातला महापरिनिर्वाणाचा बुद्ध सुमारे ७ मीटर लांब आहे आणि खांब व भिंत यांच्यामधली वाट अरुंद. पायांशी उभं राहून वाइड अँगलने काढला की बुद्धाची पावलं राक्षसी आणि डोकं इवलंसं येतं. मधोमध उभं राहा, कॅमेरा सरळ धरा आणि भिंतीला समांतर सरकत तीन-चार फोटो घेऊन नंतर जोडा. नाहीतर सरळ चेहराच घ्या. मला तो जास्त आवडतो.

मंदिर मागे झुकल्यासारखं दिसणं हाही याच जातीचा दोष. कैलासाच्या दारातून फोन वर तिरका केला की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात. मागे सरकायला जागा नसते. उपाय उंचीत आहे: उत्तरेच्या अंगाला जिना चढून लंकेश्वर लेण्याकडे गेलात की मंदिराचा मधला भाग डोळ्यांसमोर येतो, आणि कॅमेरा न कलवता रेषा सरळ राहतात.

माणसांचं काय? शाळांच्या सहली, वेरूळच्या घृष्णेश्वराचं दर्शन करून आलेली कुटुंबं यांना लोक फ्रेममधून हाकलू पाहतात. कशाला? कैलासाच्या पायातल्या हत्तींच्या थरापाशी एक पोरगी उभी राहिली की मंदिर केवढं आहे ते लगेच कळतं. फक्त तिच्या आईला आधी विचारा, ‘ताई, एक फोटो काढू का?’ नको म्हणाल्या तर पुढे व्हा. घरच्यांचा फोटो काढताना सगळ्यांना उन्हात मंदिराकडे पाठ करून उभं करू नका, डोळे मिचकावलेलेच येतात. दाराच्या आतल्या सावलीत, तोंडं बाहेरच्या उजेडाकडे करून उभं करा. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्याचा फोटो मिळवायच्या फंदात पडू नका.

ड्रोन परवानगीशिवाय बॅगेतून काढू नका. अजिंठ्याच्या माकडांसमोर बॅग उघडू नका. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सच्या काचेवर वाफ धरते, तेव्हा कॅमेरा बॅगेतच थोडा वेळ बाहेरच्या हवेला येऊ द्या.

फोटो रात्रीच दुसरीकडे उतरवून घ्या. ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करत बसला. त्यातल्या बऱ्याचशा लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये एकत्र ठेवल्या होत्या आणि १८६६च्या आगीत एकदमच गेल्या. तुमच्याकडे तर एवढंसं कार्ड आहे.

आणि प्रत्येक लेण्यात शिरताना आधी क्रमांकाच्या पाटीचा एक फोटो घ्या. वेरूळला ३४ आणि अजिंठ्याला ३० लेणी आहेत. घरी आल्यावर कुठला बुद्ध कुठल्या लेण्यातला, हे त्या पाटीशिवाय सांगता येत नाही.